पास वसूल झाला का?

२०२३ च्या दिवाळीत आम्ही सुरतेला गेलो होतो. सुरतेला म्हणजे लिंबायतला. तिथं माझ्या बायकोची सगळ्यात थोरली बहीण राहते. हातपाय धुऊन बसतो न बसतो तोच साडूंनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, फराळाच्या आधी एक वही माझ्या हातात ठेवली. शंभर पानी, साधी, कव्हरवर गणपती. म्हणाले, "सर, हे बघा. अ‍ॅमस्टरडॅमचा हिशेब."

वहीत नावं मराठीत होती आणि आकडे गुजरातीत. अण्णांनी पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये तीस वर्षं हिशेब लिहिला, त्यामुळं आकडा म्हटला की त्यांचा हात आपोआप गुजरातीत वळतो. आपल्याकडंही अशी जुनी माणसं आहेत. मजकूर मराठीत, बेरीज कानडी आकड्यांत. तर त्या वहीत तीन दिवसांचे तीन रकाने होते. प्रत्येक म्युझियमचं नाव, त्यापुढं तिथल्या तिकिटाची किंमत युरोमध्ये, आणि खाली चालू बेरीज. शेवटच्या ओळीला दुहेरी रेघ मारून लिहिलं होतं : पास वसूल, वर चौदा युरो फायदा.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आणि माझे गुडघे? ते कुठल्या रकान्यात आहेत, विचारा त्यांना."

हा किस्सा आज आठवायचं कारण असं, की परवा माझ्या एका विद्यार्थिनीच्या आई कॉलेजात भेटल्या. मुलगा तिकडं नोकरीला, आईवडिलांना बोलावतोय, आणि विचारतोय की शहर बघायचा पास काढू का. "सर, तुमचे नातेवाईक जाऊन आलेत म्हणे. पास परवडतो का हो?" आता गावागावांतून पोरं बाहेर गेलीत, तेव्हा हा प्रश्न एकट्या त्या बाईंचा नाही. पण हो किंवा नाही असं एका शब्दात मला सांगता येईना.

आधी लिंबायत कुठं ते सांगतो. सुरत महापालिकेचा हा एक मोठा झोन, उधना स्टेशनाच्या शेजारचा. उधन्याहून तापीच्या काठानं जळगावपर्यंत रेल्वे जाते. त्या गाडीत नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून बसलेला माणूस उधन्याला उतरतो आणि पिशवी घेऊन लिंबायतला पोचतो, असं दोन-तीन पिढ्या चाललंय. गल्लीत अहिराणी, बाजारात गुजराती, पूजेला आणि लग्नपत्रिकेला मराठी. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. दुपारी गल्लीतून चालताना मागांचा जो खडखडाट ऐकू येतो तो ऐकून मला वडगाव-खासबागची आठवण झाली. फक्त तिथं मागाच्या कारखान्याला 'खातं' म्हणतात. "कुठल्या खात्यात आहेस?" असं कुणी विचारलं तर सरकारी नोकरीबद्दल विचारतोय असं समजू नये.

अण्णा १९८९ साली अमळनेरहून आले. ताई त्याच वर्षी लग्न होऊन आली. तेव्हापासून चौतीस वर्षं ती घरी बसून साड्यांचं काम करत आली : टिक्की लावणं, धागे कापणं, काठाला लेस बसवणं. व्यापाऱ्याचा माणूस गठ्ठा टाकून जातो, दोन दिवसांनी घेऊन जातो, पैसे नगावर. त्याच लेसवर मुलगा इंजिनिअर झाला. तो आता अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टेलव्हेन गावात राहतो. तिथं भारतीय इतके झालेत म्हणे, की भाजीच्या दुकानात कढीपत्ता विचारावा लागत नाही. त्यानं दोघांना बोलावून घेतलं ते ऑगस्टच्या अखेरीस. अट ताईची : गणपती बसायच्या आत परत लिंबायतला.

भाच्यानं दोघांसाठी ७२ तासांचा 'आय अ‍ॅमस्टरडॅम सिटी कार्ड' हा पास काढला. माणशी शंभर युरोच्या घरात, म्हणजे त्या वेळच्या भावानं नऊ हजार. दोघांचे अठरा हजार. अण्णा म्हणाले, "सर, रिटायर होताना माझा महिन्याचा पगार तेवढाच होता." हे वाक्य लक्षात ठेवा. ते पुढं पळाले ते का, याचं उत्तर त्यात आहे.

हा पास चालतो कसा? तर त्यावर शहरातल्या ट्राम, बस, मेट्रो कितीही वेळा. विमानतळावरून येणारी रेल्वे मात्र त्यात नाही. बहुतेक म्युझियमं एकेकदा. कालव्यातून तासाभराची बोट एकदा. रिक्सम्युझियमसारख्या मोठ्या ठिकाणी पास असला तरी आत जायची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. आणि अ‍ॅन फ्रँकचं घर, जे बघायला निम्मं जग जातं, ते पासात नाहीच. त्याची तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी पुढच्या सहा आठवड्यांनंतरची सुटतात. नातवंडं बरोबर असतील तर त्यांना पास काढण्याआधी थांबा : रिक्सम्युझियममध्ये अठरा वर्षांपर्यंत सगळ्यांना फुकट सोडतात.

आता खरी मेख तासांत आहे. आपल्या एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास आठवा. १९८८ पासून ती योजना आहे, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा असे पास मिळतात. एसटीचा दिवस रात्री बाराला सुरू होतो आणि रात्री बाराला संपतो. अ‍ॅमस्टरडॅमचा पास घड्याळावर चालतो. पहिल्यांदा कुठं दाखवला त्या मिनिटापासून ७२ तास. ऐकायला ७२ म्हणजे पुष्कळ वाटतात. पण म्युझियमं साधारण दहाला उघडतात आणि पाचला बंद होतात. म्हणजे रोजचे सात, तीन दिवसांचे एकवीस. उरलेले एक्कावन्न तास तुम्ही ट्राममध्ये बसा किंवा झोपा, पास आपला चालूच.

हे वाचून मला माझी फजिती आठवली. २००१ च्या सुमारास आम्ही चार मित्रांनी कोल्हापूर स्टँडवर एसटीचा पास काढला होता. डोक्यात एकच, पैसे वसूल करायचे. कोल्हापूरहून रत्नागिरी, रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीनं मुंबई, तिथून नाशिक, वणी, परत नगर, पुणे. लॉजचे पैसे वाचवायला रात्री गाडीतच झोपलो. घरी येऊन हिशेब केला तर पासाच्या जवळजवळ तिप्पट प्रवास झाला होता. आईनं विचारलं, "काय काय बघितलासा?" तेव्हा लक्षात आलं की आम्ही सात जिल्ह्यांचे स्टँड बघून आलो होतो. रत्नागिरीचा समुद्र मी त्यानंतर आठ वर्षांनी, लग्न झाल्यावर पाहिला.

अण्णांचंही तेच झालं. पहिल्या दिवशी भाच्यानं रजा काढली होती. नऊच्या ठोक्याला रिक्सम्युझियम. ही इमारत १८८५ ची, पिएर कौपर्स नावाच्या वास्तुकारानं बांधलेली, आणि तिच्या पोटातून चक्क सायकलींचा रस्ता जातो. आत रेम्ब्रांटचं 'द नाइट वॉच' हे १६४२ चं प्रचंड चित्र. त्याच्यावर अभ्यासकांचं काम चालू असल्यामुळं ते काचेच्या खोलीत ठेवलेलं होतं. भाच्यानं वडिलांना सांगितलं, की १७१५ साली हे चित्र टाऊन हॉलच्या भिंतीवर मावेना, म्हणून चारी बाजूंनी कापलं. अण्णा लगेच म्हणाले, "म्हणजे कटपीस!" आणि वहीत लिहिलं, साडेबावीस युरो.

पुढच्या दालनात जायला दोघं वळली तर ताई मागं राहिलेली. सतराव्या शतकातल्या श्रीमंत डच बायका-पुरुषांची जी चित्रं असतात, काळे कपडे आणि गळ्याभोवती पांढऱ्याशुभ्र चुण्यांच्या किंवा लेसच्या कॉलरी, त्या चित्रांपुढं ती उभी होती. एका चित्रापुढून दुसऱ्या, दुसऱ्यापुढून परत पहिल्या. चेहरे तिनं बघितलेच नाहीत असं भाचा सांगतो. ती लेस बघत होती. मग तिनं मुलाला विचारलं, "ही मशीनची नाही ना रे?" तो म्हणाला, तेव्हा मशीन कुठलं, सगळं हाताचं. ती म्हणाली, "मग करणारीला किती दिवस लागले असतील? आणि वारावर काय भाव मिळाला असेल?"

चित्रकलेची पुस्तकं मी थोडीफार वाचली आहेत. त्यात उजेडाबद्दल, सावलीबद्दल, ब्रशच्या फटकाऱ्याबद्दल भरभरून लिहिलेलं असतं. लेस करणारीला काय मिळालं हा प्रश्न माझ्या वाचनात कुठं आला नाही, आणि मलाही कधी सुचला नव्हता. ताईला तो पहिल्या पाच मिनिटांत सुचला, कारण तिचं आयुष्य त्यात गेलं. तिनं मोबाइलवर एका कॉलरीचा अगदी जवळून फोटो काढून घेतला. अण्णा घड्याळ दाखवत होते. बोटीची वेळ झाली होती.

बोट झाली. दाम चौकातला राजवाडा झाला, जो सतराव्या शतकात मुळात नगरपालिकेची कचेरी म्हणून बांधला होता. इथं एक गंमत सांगतो. अ‍ॅमस्टरडॅम ही नेदरलँड्सची राजधानी खरी, पण सरकार, संसद, मंत्री सगळे हेगला बसतात. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा अण्णांना पटेना. आपल्याकडच्या वाचकांना मात्र नवल वाटायचं कारण नाही. राजधानी एकीकडं आणि अधिवेशन दुसरीकडं हे आपण दर हिवाळ्यात पोलिस बंदोबस्तासकट अनुभवतो.

दुसऱ्या दिवशी भाचा ऑफिसला. दोघं एकटीच निघाली. सकाळी रेम्ब्रांटचं घर. हे घर त्यानं १६३९ साली कर्ज काढून घेतलं आणि १६५६ साली दिवाळं निघून गमावलं. अण्णांना हा माणूस एकदम जवळचा वाटला. सुरतेच्या बाजारात 'पार्टी उठली' अशी बातमी आठवड्याला एक असते. पण एक गोष्ट त्यांना तिथं कुणी सांगितली नाही, ती मी लिंबायतच्या ओट्यावर सांगितली. या रेम्ब्रांटनं उतारवयात मुघल चित्रांवरून रेखाटनं केली. जहांगीर, शाहजहान, दरबारी माणसं. त्यांतली वीसहून जास्त आजही शिल्लक आहेत. स्वतः तो हॉलंडच्या बाहेर पडला नाही. ती मुघल चित्रं डच कंपनीच्या जहाजांतून तिकडं गेलेली. आणि डच कंपनीची मुघल मुलखातली मोठी वखार कुठं? सुरतेत, सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे माल इथूनच गेला."

दुपारी दोघं तिथल्या वनस्पती उद्यानात गेली, हॉर्टस बोटॅनिकस. १६३८ ची ही बाग. पासावर होती म्हणून वहीत होती. लहानशीच बाग, पण जुनी झाडं, काचघरं, बाक. इथल्या एका कॉफीच्या झाडाची कथा आपल्या लोकांना आवडेल. मलबारातून कॉफीची रोपं जावाला गेली, जावातून १७०६ साली एक झाड या बागेत आलं, आणि दक्षिण अमेरिकेतल्या कॉफीचा बराचसा वंश त्या एका झाडाकडं जातो. आपल्या चिक्कमगळूरकडं बाबा बुडनची गोष्ट सांगतात, सात बिया लपवून आणल्याची. त्या गोष्टीचं पुढचं टोक असं अ‍ॅमस्टरडॅमच्या कुंडीत निघतं.

ताईला कॉफीचं काही नव्हतं. ती बाकावर बसली. गुडघे सुजले होते. अण्णांनी वही उघडली. पाच वाजेपर्यंत अजून दोन ठिकाणं व्हायला हवी होती. ताई अहिराणीत म्हणाली, "तुम्ही जा. मी आठेच बसस."

आमच्या घरी आई अशा वेळी "साकु" म्हणते. मराठीत कितीही बोलत असली तरी थांबायचं असलं की तिला कानडीच शब्द सापडतो. ताईचंही तसंच. दमली की मराठी संपते, अहिराणी सुरू होते. आणि अहिराणीत म्हटलेलं ती बदलत नाही, हे अण्णांना चौतीस वर्षांत कळलेलं होतं.

अण्णा एकटे गेले. तिकडचं सिमकार्ड फक्त ताईच्या मोबाइलमध्ये होतं. अण्णांच्या मोबाइलमध्ये पास होता, फोन लागत नव्हता. साडेतीनला गेलेला माणूस साडेचारला यायचा होता. पाचला बाग बंद झाली. ताईला नम्रपणे बाहेर काढलं. ती दारात उभी. हातात पिशवी, भाषा येत नाही, आणि नवरा कुठं आहे पत्ता नाही. तिनं मुलाला फोन केला. तो ऑफिसातून निघाला. पावणेसहाला समोरच्या ट्राममधून अण्णा उतरले. वही बगलेत. ताई त्यांना एक शब्द बोलली नाही. पुढं रात्रभरही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती घरीच राहिली, आणि अण्णा मुलाबरोबर जाऊन उरलेली वसुली करून आले. दुहेरी रेघेच्या खालचे चौदा युरो हे असे आलेले होते, आणि तेसुद्धा फक्त अण्णांच्या पासावर. ताईच्या पासाचा हिशेब वहीत नव्हताच.

हे सगळं मला दोघांनी निरनिराळं सांगितलं. ताईनं पहिल्या रात्री, माझी बायको शेजारी असताना. अण्णांनी दुसऱ्या सकाळी, चहाच्या टपरीवर, एकट्याला.

"सर, त्या दिवशी मी चुकीच्या ट्राममध्ये बसलो," ते म्हणाले. "चार स्टॉप गेल्यावर कळलं. उतरावं तर कुठं उतरायचं? कुणाला विचारायचं? मग विचार केला, पास आहे ना. कंडक्टर उतरवणार नाही. बसून राहिलो. शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो." शेवटच्या स्टॉपला साधी वस्ती होती. चारमजली घरं, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, शाळेतून येणारी पोरं, एक तुर्की बेकरी. अण्णा तिथं उतरले, एका भिंतीवर दहा मिनिटं बसले, आणि उलट्या ट्रामनं निघून सेंट्रल स्टेशनला आले. तिथून परत बागेची ट्राम. "सर, आपल्या लिंबायतसारखंच होतं तिथं. कामावरनं येणारी माणसं. पूर्ण तीन दिवसांत मला ते आवडलं सगळ्यात." मी विचारलं, मग वहीत का नाही? ते म्हणाले, "त्याला तिकीट कुठं होतं? काय लिहू?" आणि मग हळूच, "हिला सांगू नका. मी दारात उभी होते आणि तुम्ही गॅलऱ्या बघत होता काय, म्हणेल."

मी इतके दिवस सांगितलं नव्हतं. आता अण्णांनीच या मजकुराला परवानगी दिली आहे, म्हणजे घरी मिटलं असावं.

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची. ११ जून २०२३ ला कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली आणि बायकांना सरकारी बसला शून्य रुपयांचं तिकीट मिळायला लागलं, तेव्हा पहिल्या महिन्यात ती शेजारणींबरोबर तीनदा सौंदत्तीला जाऊन आली. गर्दी इतकी, की एकदा उभ्यानं गेली. एकदा मात्र धारवाडला उतरली आणि देवळात न जाता बहिणीच्या घरी जेवून परत आली. मी म्हटलं, अगं, सौंदत्तीला निघाली होतीस ना? म्हणाली, "कंटाळा आला, उतरलो. तिकिटाला पैसे थोडेच पडलेत?" शून्य रुपयांच्या तिकिटानं तिला मधेच उतरायची मोकळीक मिळाली होती. नऊ हजारांच्या पासात तीच मोकळीक असते, ट्रामही तीच, दारही तेच. पण ती घ्यायला छाती लागते, कारण डोळ्यांपुढं आकडा असतो, आणि तो आकडा मुलाच्या पगारातला असतो. अण्णांना कंजूष म्हणू नका. मुलाचा एक पैसा वाया जाऊ नये म्हणून ते पळत होते.

तेव्हा त्या विद्यार्थिनीच्या आईंना मी जे सांगितलं ते इथं लिहितो. पास काढा, पण घरात सगळ्यात हळू कोण चालतं ते बघून काढा. त्या माणसाला दिवसात एक म्युझियम आणि एक बाक झेपत असेल, तर पास कधीच वसूल होत नाही. सुटी तिकिटं काढा आणि ट्रामचा वेगळा दिवसाचा पास घ्या. दोन-तीन ठिकाणं झेपत असतील तर पास परवडतो. सुरू करताना दुपारी दोनला सुरू करा. ७२ तासांतले उघड्या दाराचे तास तेवढेच भरतात, एकवीस, पण ते तीनाऐवजी चार दिवसांत पसरतात आणि रोज संध्याकाळी पाय शाबूत राहतात. दोघांच्याही मोबाइलमध्ये सिमकार्ड घाला. आणि मुलाला सांगा, पासाची किंमत आईवडिलांना सांगू नकोस. शेवटची सूचना ऐकून त्या बाई हसल्या. पण मी ती मनापासून केली होती. तिथल्या रहिवाशांकडं वर्षभराचं म्युझियम कार्ड असतं, चारशेंहून जास्त म्युझियमं त्यावर चालतात, आणि ते लोक दहा मिनिटांसाठी एखादं चित्र बघून घरी जातात. पाहुण्याला ते जमणार नाही, पण निदान एखाद्या दुपारी तरी तसं वागून बघावं.

तर लिंबायतला परत. त्या पहिल्या रात्री ताई आणखी एक गोष्ट बोलली होती. "तीन दिवसांत परक्या मुलखातलं इतकं बघितलं. इथं चौतीस वर्षं झाली, सुरतेचा किल्ला मी पाहिला नाही." अण्णा म्हणाले, त्यात काय बघायचंय. ताई म्हणाली, "तेच तर. बघितल्याशिवाय कसं कळणार?" मला हसता येईना. मी जन्मापासून बेळगावात, इतिहास शिकवतो, आणि किल्ल्यातली १२०४ ची कमल बसदी मी वयाच्या तिसाव्या वर्षी पाहिली, तीही बाहेरगावचे पाहुणे आले म्हणून.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रिक्षा केली. सगळीकडं मेट्रोसाठी रस्ते खोदलेले, त्यामुळं पाच-सहा किलोमीटरला पाऊण तास लागला. तापीकाठचा किल्ला सोळाव्या शतकातला, पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना तोंड द्यायला बांधलेला. महापालिकेनं अलीकडं चांगली डागडुजी करून आत दालनं केली आहेत. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इथला सुभेदार इनायतखान या किल्ल्यात दडून बसला होता. शहर लुटलं गेलं, किल्ला हाती आला नाही, इंग्रज आणि डच आपापल्या वखारी लढवत राहिले. बुरुजावर उभं राहून मी हे सांगत होतो आणि अण्णा तापीच्या पाण्याकडं बघत होते. १९८९ पासून ते रोज कामाला बाहेर पडत होते, पण नदी अशी वरून त्यांनीही पाहिली नव्हती.

तिथून कतारगाम दरवाज्याकडं. इंग्रजांच्या दफनभूमीत ऑक्झेंडन बंधूंचा घुमटाचा मकबरा आहे. त्यांतला जॉर्ज ऑक्झेंडन १६६४ ला इंग्रज वखारीचा प्रमुख होता, १६६९ साली तो सुरतेतच वारला. आणि डचांच्या दफनभूमीत व्हॅन रीडचा अष्टकोनी, खांबांच्या सज्ज्याचा मकबरा. हा १६९१ साली गेला. ताई ज्या बागेत बसली होती त्या बागेचं नाव ऐकल्यापासून माझ्या डोक्यात हाच माणूस होता. मलबारच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ त्यानं करवून घेतला, तो अ‍ॅमस्टरडॅमला १६७८ पासून छापला गेला. पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचं निवेदन आहे, नागरी लिपीत. साडेतीनशे वर्षांपूर्वी अ‍ॅमस्टरडॅमच्या छापखान्यात आपली अक्षरं उमटली होती.

मी एवढं सगळं वर्गात सांगावं तसं सांगितलं. ताईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "इथं पास लागतो का?" म्हटलं, नाही, फुकट आहे. ती पायरीवर बसली. अर्धा तास बसली. अण्णांनी सवयीनं वही काढली होती. तीही त्यांनी नुसतीच मांडीवर ठेवली, उघडली नाही.

परतताना ताईनं रिंग रोडला, कापड मार्केटच्या अलीकडं रिक्षा थांबवायला लावली. एका लेसवाल्याच्या दुकानात शिरली आणि मोबाइलमधला तो कॉलरीचा फोटो त्याच्यापुढं धरला. त्यानं चष्मा लावून बराच वेळ बघितलं. म्हणाला, "बेन, आवी डिझाइन तो नथी. बनावी आपीश, पण बसो मीटर लेवी पडे."

"दोनशे मीटर घेऊन मी कुणाला बसवू?" ताई आम्हाला म्हणाली. मग अण्णांच्या हातातली वही घेतली, मागचं कोरं पान काढलं आणि लेसवाल्याचा नंबर लिहून घेतला.